तारापूर कुठल्या जिल्ह्यात?
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



‘तू नेमकं काय करतेस?’ असं सकाळपासून चौघांनी विचारलं. उत्तर एकदाच माइकवरून देते.

दहा-वीस वर्षांनी देशाला किती वीज लागेल आणि ती कुठून येईल, याचं गणित संगणकावर मांडतात. आम्ही त्याला मॉडेल म्हणतो. त्याच्या तळाशी एक यादी असते: वीजकेंद्र कुठे, इंधन कोणतं, क्षमता किती, सुरू कधी झालं, बंद कधी पडलं. ही यादी ताजी ठेवणं हे माझं काम. ऐकायला कारकुनी वाटतं, आणि बरंचसं आहेही.

भूगोलाच्या पेपरात आपण ‘तारापूर, जिल्हा ठाणे’ लिहून मार्क मिळवले. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा झाला. केंद्र जागचं हललं नाही, पत्ता बदलला. समजा, एका यादीत ठाणे आहे, दुसरीत पालघर. एकीत चारही युनिटं मिळून एकच ओळ, 1400 मेगावॅट. दुसरीत दोन ओळी, 320 आणि 1080. त्यात इंग्रजी स्पेलिंग निराळं. आपल्याला लगेच कळतं, पण प्रोग्रॅमला ती दोन केंद्रं वाटतात आणि तारापूर 2800 मेगावॅटचं होऊन बसतं! म्हणून अक्षांश-रेखांश, इंधन आणि सुरू झाल्याचं वर्ष, सगळं जुळवून पाहावं लागतं.

शिवाय ते 320 सुद्धा मूळचे नव्हेत. 1969 ची पहिली दोन युनिटं प्रत्येकी 210 मेगावॅटची होती, नंतर ती 160 वर आणली. जुनी यादी वापरली की मॉडेलला 100 मेगावॅट फुकटचे मिळतात.

जगभरात अनेकांनी वापरलेला ‘ग्लोबल पॉवर प्लांट डेटाबेस’ घ्या. 167 देशांतली सुमारे 35 हजार केंद्रं त्यात आहेत. शेवटची आवृत्ती 2021 ची. 2022 पासून देखभाल थांबली. भारताची सौर क्षमता तेव्हा 40 हजार मेगावॅटच्या आसपास होती, 2025 च्या सुरुवातीला ती 1 लाखाच्या पुढे गेली. त्यामुळे स्रोत बदलावाच लागतो. पण नवी परदेशी यादीही डोळे मिटून घेऊ नये. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा मासिक अहवाल शेजारी उघडा हवा. आणि बंद पडलेलं केंद्र पुसायचं नाही, बंद झाल्याचं वर्ष लिहायचं. ठाकुर्लीचं चोळा पॉवर हाउस डोंबिवलीकरांना आठवत असेल. मागच्या काळाचं गणित तपासायला ते लागतं.

आकडा बरोबर असूनही फसगत होते, ती दाभोळला. क्षमता 1967 मेगावॅट, पण गॅसअभावी केंद्र कित्येक वर्षं बंद, नाहीतर थोडंसंच चालू.

याने काय बिघडतं? 12 ऑक्टोबर 2020 ची सकाळ आठवा. कळवा-पडघा 400 केव्हीच्या वाहिन्या बंद पडल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. अशा वेळी बाहेरची वीज येत नाही. आतली कोणती केंद्रं खरोखर चालू शकतात, एवढंच कामाचं. कागदावरच्या मेगावॅटवर पंखा फिरत नाही.

तेव्हा वीज कंपन्यांत असलेल्या मित्रांना एक विनंती: अहवाल स्कॅन करून टाकू नका रे, एक्सेल द्या. बाकीचं जेवताना बोलू.