धूर त्यांचा, डबी आमची
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या भंडारा जिल्ह्यात विडी बांधतात बहुधा बायका आणि ओढतात पुरुष. माझी आई भिजवलेली तेंदूची पाने कातरी, मांडीवरच्या सुपातली तंबाखू भरी आणि दोरा बांधी. हजाराची मोजणी पुरी होईतो दिवस मावळे. तिने जन्मात विडी ओठांना लावली नाही. तंबाखूची धूळ मात्र रोज तिच्या श्वासात जाई.

तरुण मुलगा पानठेल्यावर विडी-सिगारेट ओढू लागला की लोक म्हणतात, "मोठा झाला." मुलीने ओढली तर सारे गाव बोलते. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात शंभर प्रौढ पुरुषांत ६ जण धूम्रपान करणारे आढळले, स्त्रियांत एक-दीडच. पण धुराविना तंबाखू घेणारे पुरुष शंभरात ३२, तर स्त्रिया १७ निघाल्या! लोकलाजेने धूर अडला, तंबाखू अडली नाही. ती पदराआड गेली.

मी स्वतः लग्नानंतर दहा वर्षे गुडाखू घासली. दात स्वच्छ होतात, अशी मनाची समजूत घालीत होते. डॉक्टरांनी गालाच्या आतला पांढरा चट्टा दाखविला, तेव्हा सोडली.

भगिनींनो, मुलाला "ओढू नकोस" असे ठणकावून सांगावे आणि मुलीला "बाई, तू काय घासतेस?" असे मायेने विचारावे. त्याआधी आपापली डबी चुलीत टाकू या.