हरलेल्या संघाची प्रत



दीक्षान्त भाषणाला शास्त्रज्ञ बोलावतात, निवृत्त न्यायमूर्ती बोलावतात. तुम्ही भिलाईची एक बास्केटबॉल स्कोअरर बोलावलीत. मी भारताकडून खेळलेली नाही, शिट्टीही फुंकलेली नाही. मैदानाच्या कडेला टेबलाशी बसून स्कोअरशीट भरणारी बाई आहे मी. तेव्हा मोठ्या गोष्टींची अपेक्षा ठेवू नका.

भिलाई नागपूरला परकी नाही. फेब्रुवारी 1955 मध्ये सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला, तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि दुर्ग जिल्ह्याचा कारभार इथूनच चालायचा. पुढच्या वर्षी राज्यांच्या सीमा बदलल्या, तरी भंडारा-गोंदियाची माणसं नोकरीसाठी तिकडे जातच राहिली. माझे वडील त्यांतलेच. कारखान्याने सेक्टर वसवले, शाळा काढल्या, मैदानं आखली. सेक्टर 1 मधल्या पंत स्टेडियमच्या बास्केटबॉल कोर्टवर कारखान्याच्या क्रीडा विभागाचे प्रशिक्षक राजेश पटेल यांनी मुली घडवल्या. 2018 मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांनी घडवलेल्या सीमा सिंग, अंजू लकडा भारतीय संघात पोचल्या. छत्तीसगडचीच कविता अकुला 2010 मध्ये फ्लोरिडातल्या आयएमजी अकादमीसाठी निवडली गेली आणि पुढे ॲरिझोनातल्या ग्रँड कॅनियन विद्यापीठात शिष्यवृत्तीवर खेळली.

आता विद्यापीठांकडे येते, कारण आजचा मंच त्यांचा आहे. भिलाईच्या मुलींच्या विद्यापीठ संघाचा इतिहास लिहायला बसलं, तर पहिलीच अडचण उभी राहते: कुठल्या विद्यापीठाचा? 1964 पासून आमची महाविद्यालयं रायपूरच्या रविशंकर विद्यापीठाकडे. मग तांत्रिक शिक्षणाचं विद्यापीठ भिलाईतच आलं आणि इंजिनियरिंगच्या मुली तिकडे गेल्या. 2015 मध्ये दुर्गचं विद्यापीठ झालं आणि बाकीच्या त्याच्याकडे. एकाच कोर्टवर वाढलेल्या तीन बहिणींनी तीन विद्यापीठांच्या जर्सी घालाव्यात, असा हा हिशेब. विद्यापीठाला संघ आयता मिळतो. मुलगी दहा वर्षं कोर्टवर घाम गाळते, विद्यापीठाच्या वाट्याला तिची तीन वर्षं येतात आणि पदवी हातात पडली की ती रेल्वेत नाहीतर आणखी कुठे नोकरीला लागते. संघ मोडतो, नवा होतो, जुन्याची नोंद कुणाकडेच राहत नाही. यात विद्यापीठांचा दुष्टपणा नाही. कपाटं भरतात, संचालक बदलतात, रद्दीवाला येतो.

आमचं स्कोअरशीट मात्र फार नेटकं असतं. बास्केट पडली की खेळाडूचा नंबर लिहून धावत्या गुणांच्या रकान्यात तिरपी रेघ मारायची. फ्री थ्रो असेल तर ठिपका. तीन गुणांची बास्केट असेल तर नंबराभोवती गोल. पाचव्या फाउलला मुलगी बाकावर जाते, तेही दिसतं. सामना संपला की पंच सही करतात आणि कार्बनच्या प्रती वाटल्या जातात. एक जिंकलेल्या संघाला, एक हरलेल्या संघाला. हरलेल्यांची प्रत बहुतेक वेळा बाकावरच पडून राहते. ती उचलून ठेवायची सवय मला लागली, म्हणून माझ्या घरी एक खोकं भरलं आहे. एकेका कागदावर चौथ्या क्वार्टरमध्ये पेन खोल रुतलेलं दिसतं. सामना अटीतटीचा झाला की आमचा हातही जड होतो.

नोंद का ठेवायची, असं कुणी विचारेल. 4 एप्रिल 1896 ला सॅन फ्रान्सिस्कोत स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया या विद्यापीठांच्या मुलींचा सामना झाला. पुरुष प्रेक्षकांना आत मज्जाव होता. स्टॅनफर्ड 2-1 ने जिंकलं. होय, दोन विरुद्ध एक! तीनच वर्षांत स्टॅनफर्डने मुलींच्या अशा सामन्यांवर बंदी घातली. तरी तो स्कोअर आज तुम्हाला सांगता येतो, कारण तेव्हा कुणीतरी तो लिहून ठेवला. आमच्याकडे 1985 मध्ये कुठल्या मुली कुणाशी हरल्या, हे सांगायला त्या मुलींनाच शोधावं लागतं.

आणखी एक गंमत. आंतरविद्यापीठ स्पर्धेत तुमचं विद्यापीठ पश्चिम विभागात, आमची पूर्व विभागात. त्यामुळे रेल्वेने एका दुपारीत गाठता येणारे हे शेजारी आधी आपापल्या विभागात पुढे जातात तेव्हाच अखिल भारतीय फेरीत समोरासमोर येऊ शकतात. नागपूर आणि भिलाईच्या मुलींनी दर डिसेंबरात एक मैत्रीचा सामना खेळायला कुणाच्या परवानगीचं अडू नये. कुलगुरू हसताहेत, म्हणजे मी होकार धरते.

आज पदवी घेणाऱ्यांत विद्यापीठाकडून खेळलेल्या मुली असतील. कुठलाही खेळ असो. घरी जुन्या बॅगेच्या तळाशी घडी घातलेलं स्कोअरशीट असेल, संघाचा फोटो असेल, तर फोटोच्या मागे सगळ्यांची नावं लिहा. बाकावर बसून राहिलेल्या दोघींचीही. जाण्यापूर्वी त्याची झेरॉक्स क्रीडा विभागात द्या. सकाळी मी तिथल्या संचालकांना विचारून आले आहे. एक कप्पा रिकामा करून देतो म्हणाले. कार्यालय आज साडेपाचपर्यंत उघडं आहे.