यंत्राच्या मुखी आपले गाव



बँकेला दूरध्वनी केला की हल्ली पुष्कळदा यंत्रच बोलते. ठरावीक वाक्ये माणसाने आधी ध्वनिमुद्रित केलेली असतात. नाव, गाव, रक्कम मात्र अनेक ठिकाणी संगणक लिखित मजकुरावरून तत्क्षणी उच्चारतो. निरक्षर वृद्धांस हे मोठेच साहाय्य होय. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये आरंभिलेल्या ‘यूपीआय १२३ पे’ सेवेत साध्या भ्रमणध्वनीवरूनही असा आवाज ऐकून पैसे पाठविता येतात.

परंतु आपल्या पेडणे-डिचोलीकडे एक निराळी अडचण आहे. पोर्तुगीज अमदानीतील रोमन लेखन कागदोपत्री तसेच राहिले. त्यातील अखेरचा ‘एम’ ही केवळ अनुनासिकाची खूण. इंग्रजी वळणाचे यंत्र तो ठासून उच्चारते, आणि पेडण्याचे ‘पर्नेम’, डिचोलीचे ‘बिचोलिम’ होते! देवनागरीतही यंत्र अडखळतेच. ‘चार’ आणि ‘चमचा’ यांतील ‘च’ लिहावयास एक, बोलावयास दोन.

विजेची तक्रार नोंदविताना उच्चारलेले गाव आजीला आपले वाटलेच नाही, तर होकाराची कळ ती कशी दाबणार? यास्तव कार्यालयांनी गावांची नावे यंत्रास देवनागरीत पुरवावीत, आणि शिक्षकांनी ती गावातील जुन्या माणसांना ऐकवून उच्चार तपासून द्यावेत.