हरणांसाठी शेती: सप्टेंबर ते जानेवारी

आपल्याकडे हरणं शेतात शिरू नयेत म्हणून शेतकरी रात्र-रात्र राखण करतो, बांधावर जुन्या साड्या बांधतो. अमेरिकेत मात्र हजारो लोक पदरचे पैसे घालून, हरणांनी खावं म्हणूनच पेरणी करतात. या तुकड्याला म्हणतात 'फूड प्लॉट'. आज त्याबद्दल बोलू.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हरणाची शिकार हा गुन्हा आहे. त्यामुळे इथे कुणी हे ट्राय करायचं नाही. आपण बोलतोय ते अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याबद्दल, जिथे लायसन्स काढून ठरलेल्या सीझनमध्ये शिकार करता येते. हरीण म्हणजे तिथलं पांढऱ्या शेपटीचं, व्हाइट-टेल.

हा सीझन लांबलचक असतो. सप्टेंबरच्या मध्याला धनुष्यबाणाची शिकार सुरू होते आणि जानेवारीपर्यंत चालते. बंदुकीचे मुख्य नऊ दिवस येतात नोव्हेंबरच्या शेवटाकडे. नवखा माणूस एकच पीक पेरतो आणि महिन्याभरात म्हणतो, 'हरणं गेली कुठे?' हरणं तिथेच असतात, फक्त त्यांचं खाणं बदललेलं असतं. म्हणून फूड प्लॉट म्हणजे एक पीक नाही, ते एक कॅलेंडर आहे.

सप्टेंबरमध्ये चालतं क्लोव्हर. आपल्या बरसीम घासाचं सख्खं भावंडच ते. कोवळं, प्रोटीनवालं, आणि एकदा लागलं की तीन-चार वर्षं टिकतं. याची एक भारी पद्धत आहे. थंडी सरत आली की गोठलेल्या जमिनीवर बी नुसतं फोकून द्यायचं. माती दिवसा वितळते, रात्री गोठते, तिला भेगा पडतात आणि बी आपोआप आत जातं. नांगर नको, काही नको. सोयाबीनचा हिरवा पाला हरणं उन्हाळाभर खातात, पण सप्टेंबरमध्ये तो पिवळा पडला की तोंड फिरवतात.

मग ओक झाडांची फळं पडू लागतात, त्यांना एकॉर्न म्हणतात. जंगलात हा फुकटचा मेवा असताना तुमच्या प्लॉटकडे कोण बघणार? अशा वेळी ओट, गहू, राय यांचे लुसलुशीत कोंब कामाला येतात. पेरणी ऑगस्टच्या शेवटी. ओट कडाक्याच्या थंडीत मरतं, राय बर्फाखालीही तग धरते. म्हणून दोन्ही मिसळून पेरतात.

नोव्हेंबर हा माजाचा काळ. नर खाणंपिणं विसरून माद्यांच्या मागे धावतात. पण माद्या खायला येतातच, आणि त्यांच्या मागून नर येतो. म्हणजे प्लॉट माद्यांच्या आवडीचा हवा.

डिसेंबरमध्ये बाजी मारतो सलगम आणि मोहरीच्या कुळातली त्याची भावंडं. जुलैअखेर ते ऑगस्टच्या सुरुवातीला पेरायचं, एकरी साधारण दोन ते तीन किलो. बी बारीक असतं, खोल गाडलं की संपलं. दाट पेरलं तर कंद भरत नाहीत. गोठवणाऱ्या थंडीत पानांत साखर वाढते आणि आधी हुंगून सोडलेली पानं हरणं फस्त करतात. बर्फ साचल्यावर उभा मका आणि सोयाबीनच्या वाळलेल्या शेंगा ताकद देतात.

हे सगळं मातीवर अवलंबून आहे. जंगलातल्या मोकळ्या जागेची माती बहुतेक वेळा आम्लधर्मी असते. सामू सहा ते सात लागतो. आधी माती परीक्षण, मग चुना, आणि तोही काही महिने आधी, कारण चुना हळू काम करतो. महागडं बियाणं घेऊन चुन्यात कंजुषी करणं म्हणजे घोड्यापुढे गाडी. बेवडही बदलायची: क्लोव्हर जमिनीत नत्र सोडतं, त्याच्या जागी पुढे सलगम घ्यायचा. प्लॉटमध्ये जाळीचा एक छोटा पिंजरा ठोकून ठेवा. आतलं पीक गुडघाभर आणि बाहेरचं जमिनीसरशी दिसलं, तर समजा हरणं भरपूर खातायत.

जागाही महत्त्वाची. वारा मचाणावरून हरणांच्या वाटेकडे गेला तर माणसाचा वास लागतो. आणि अंधार पडल्यावर उतरून चरणारी हरणं उधळलीत, तर ती पुढे रात्रीच येऊ लागतात. येण्याची वाट सगळे ठरवतात, परतण्याची कुणी ठरवत नाही.

आता कळीचा प्रश्न. हे आमिषच नाही का? कायदा फरक करतो. मक्याचा ढीग ओतणं म्हणजे आमिष, विस्कॉन्सिनच्या बऱ्याच काउंट्यांमध्ये त्यावर बंदी आहे. जागेवर उगवलेलं उभं पीक चालतं. बंदीमागे खरं कारण आहे. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांच्या मेंदूचा रोग या राज्यात २००२ मध्ये सापडला. त्यावर इलाज नाही. तो लाळेतून, मूत्रातून पसरतो आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतो. एका ढिगात दहा तोंडं घातली की काम झालं. प्लॉटवर हरणं विखुरतात, म्हणून धोका कमी. पण धोका शून्य नाही, हरणं एकत्र येतातच.

आणि शेवटचा मुद्दा, जो सीड कंपनीच्या जाहिरातीत नसतो. पोट भरलेल्या मादीला अनेकदा जुळी होतात. तुम्ही खायला घालणार आणि मोठ्या शिंगांचा नरच टिपणार, तर कळप वाढतच जाणार. मग तीच हरणं ओकची रोपं खाऊन टाकतात, आणि उद्याचं जंगल उगवतच नाही. म्हणून राज्य माद्यांसाठी वेगळे परवाने देतं. ते वापरायचे नसतील, तर फूड प्लॉटही पेरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमच्यापैकी कुणी तिकडे राहत असेल आणि ऑफिसातल्या मित्राने प्लॉटवर बोलावलं, तर त्याला हे नक्की विचारा. काय उत्तर मिळालं ते आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!