महडचे तळे आणि महाडचे तळे



खालापूर तालुक्यातील महड आणि रायगड जिल्ह्याच्याच दक्षिणेकडील महाड या दोन गावांच्या नावांत केवळ एका कान्याचे अंतर आहे. दोन्ही गावांच्या इतिहासात एकेक तळे आहे. त्या दोन तळ्यांमधले अंतर मात्र समाजाने स्वतःच निर्माण केलेले आहे.

महडचा वरदविनायक हा अष्टविनायकांपैकी एक. १६९० साली ही मूर्ती तळ्यात सापडली, अशी परंपरा आहे. १७२५ मध्ये सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी देऊळ बांधले. गाभाऱ्यातील नंदादीप १८९२ पासून अखंड तेवत असल्याचे सांगतात. माघ शुद्ध चतुर्थीला येथे मोठा उत्सव भरतो. त्या सुमारास भाताची कापणी-झोडणी उरकलेली असते आणि खोपोली-कर्जतच्या आसपासची गावे थोडी मोकळी झालेली असतात.

परंतु या देवस्थानाची कथा काय सांगते, याचा विचार दर्शनाच्या रांगेत क्वचितच होतो. वाचक्नवी ऋषीची पत्नी मुकुंदा ही राजपुत्र रुक्मांगदावर अनुरक्त झाली. त्याने नकार दिला. तेव्हा इंद्र रुक्मांगदाचे रूप घेऊन तिच्याकडे आला. त्या फसवणुकीतून गृत्समद जन्मला. पुढे मगधराजाच्या घरी श्राद्धप्रसंगी विद्वानांच्या सभेत त्याच्या जन्माचा उच्चार करून त्याला अपमानित करण्यात आले. त्याचे ज्ञान कोणी विचारले नाही. बाप कोण, एवढेच विचारले. गृत्समदाने अरण्यात जाऊन तप केले, विनायक प्रसन्न झाला आणि त्याच्या विनंतीवरून तेथेच राहिला. ते स्थान म्हणजेच महड, अशी श्रद्धा आहे.

ऋग्वेदाचे दुसरे मंडल याच गृत्समदाच्या नावावर आहे. गणपतिपूजनात आज म्हटली जाणारी प्रसिद्ध ऋचा त्याच मंडलातली. मुळात ती ब्रह्मणस्पतीला उद्देशून आहे. म्हणजे ज्याला जन्मावरून पंक्तीतून उठवले, त्याच्याच नावावरील ऋचेने पूजेचा आरंभ होतो! जन्मावरून माणसाची प्रतवारी करणाऱ्यांना याहून सणसणीत उत्तर कोणते?

हे उत्तर समाजाने ऐकले मात्र नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. तरीही २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करण्यासाठी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. परतणाऱ्या सत्याग्रहींवर हल्ले झाले, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले आणि उच्च न्यायालयाचा निर्णय मिळण्यास १९३७ साल उजाडले. एका तळ्यातून देव वर काढणाऱ्या समाजाने दुसऱ्या तळ्यात माणसाला ओंजळ बुडवू दिली नाही.

कथेला आणखी एक बाजू आहे. अपमानाने पेटलेल्या गृत्समदाने आईला जाब विचारला आणि तिला काटेरी बोर होण्याचा शाप दिला. मुकुंदेचा मोह हा दोष मानला, तरी रूप चोरून फसवणारा इंद्र होता. त्याला ना सभेने जाब विचारला, ना मुलाने. सत्ताधाऱ्याचे पाप झाकायचे आणि शिक्षा स्त्रीच्या पदरात टाकायची, ही रीत पुराणातच संपली असे नाही. माघी चतुर्थीला महडला प्रसाद म्हणून मिळणारा नारळ खाल्ल्याने पुत्र होतो, हा समज आजही ऐकू येतो. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ मध्ये याच महाराष्ट्राला करावा लागला, हे तो नारळ ओटीत घेताना कोणाच्या ध्यानी येते?

म्हणून कार्यकर्त्याने या उत्सवाकडे पाठ फिरवावी काय? मुळीच नाही. चालत येणारा कष्टकरी, ओझे वाहणारी ठाकूर-कातकरी बाई, पोराला खांद्यावर घेतलेला गिरणीकामगाराचा नातू, ही सारी माणसे तेथेच भेटतात. त्यांच्या श्रद्धेची टिंगल करून चळवळ वाढत नाही. त्यांना त्यांच्याच देवाची कथा पूर्ण सांगावी. हा देव अपमानिताच्या हाकेला आला होता, हे सांगावे. आणि त्याच वेळी मुकुंदेचा निवाडा अजून व्हायचा आहे, हेही सांगावे. नंदादीपात तेल घालणारे हात पुष्कळ आहेत. हा निवाडा मागणारे हात मात्र चळवळीलाच पुरवावे लागतील.