भुताची जात

(युवक शिबिरातल्या रात्रीच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



दुपारी जेवणाच्या रांगेत एका पोरानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, "दादा, तुम्ही म्हणे भुताखेताच्या गोष्टी वाचता? चळवळीतल्या माणसाला शोभतं का हे?" शोभत नसेल तर नसो. मी वाचतो. का वाचतो, तेवढं सांगतो आणि बसतो.

मला वाचायची चटक लावली ती नारायण धारपांनी. आमच्या चाळीखाली भाड्यानं पुस्तकं मिळायची. संडासच्या रांगेत टमरेल हातात आणि धारप काखेत. त्यांचा समर्थ यायचा, काळ्या शक्तीशी झुंजायचा, आणि माझी झोप उडायची. मे महिन्यात गावी गेलो तेव्हा आज्याला एक गोष्ट वाचून दाखवली. अमावस्या, स्मशान, पिंपळ, सगळा सरंजाम. आजा खो-खो हसत सुटला. म्हणाला, "आरं लेका, आख्खा जलम त्या मसणवट्यात गेला माजा. लाकडं म्या फोडली, मयताची वर्दी घेऊन रातच्याला गावोगाव म्याच पळलो. भूत कवा आडवं आलं न्हाई. मला भ्या वाटायचं ते पाटलाच्या वाड्याचं."

त्या दिवशी माझ्या टाळक्यात उजेड पडला. भीतीलाही पत्ता असतो. लिहिणारा वाड्याच्या उजेडात बसलेला असतो आणि गावकुसाबाहेर बघत असतो. त्याला तिकडं अंधार दिसतो. त्या अंधारात आमची चूल पेटलेली असायची, हे त्याच्या गावीही नसतं. मग कित्येक गोष्टींत आपला माणूस येतो तो करणी करणारा, लाल डोळ्यांचा, म्हणजे अंधाराचाच एक तुकडा म्हणून.

आणि आपल्याकडची भुतं तरी कुठं जात सोडतात? मुंजा म्हणजे मुंज झालेला पण सोडमुंज व्हायच्या आत मेलेला बामणाचा पोरगा. तो पिंपळावर राहतो, त्याला पार बांधतात, पूजा करतात. विद्वान बामण वाईट वागून मेला तर ब्रह्मराक्षस. म्हणजे मेल्यावरही पदवी शाबूत! २०२४ साली या मुंजावर हिंदी सिनेमा आला, तुम्हीच शिट्ट्या मारत पाहिलात. पाहा की. पण भुताच्या गळ्यात जानवं का, एवढं तरी एकमेकांना विचारा.

आता एक पुस्तक सांगतो, ते सोडू नका. 'फ्रँकेन्स्टाईन'. मेरी शेली नावाच्या पोरीनं १८१६ साली, अठरा वर्षांची असताना लिहायला घेतलं. १८१८ ला छापलं, तेव्हा त्यावर तिचं नावसुद्धा नव्हतं. लोकांना वाटतं फ्रँकेन्स्टाईन हे राक्षसाचं नाव. नाही. ते बनवणाऱ्या साहेबाचं नाव. ज्याला बनवलं त्याला नावच नाही. जन्मल्या-जन्मल्या बाप त्याचं तोंड बघून पळून गेला.

पुढं हा बिननावाचा एका झोपडीला लागून असलेल्या खोपटात लपतो. फटीतून आतलं कुटुंब बघतो. आत एका परदेशी बाईला शिकवणं चाललंय, आणि हा भिंतीबाहेर बसून ऐकून-ऐकून भाषा शिकतो. वर्गाबाहेर बसून शिकलेल्यांची आपण नातवंडं, आपल्याला हे कुणी समजावून सांगायला नको. रात्री तो त्यांच्यासाठी गुपचूप जळण गोळा करून दाराशी ठेवतो. त्यांना वाटतं, कुणी देवमाणूस येऊन जातो. शेवटी धीर करून तो आत शिरतो, तेव्हा घरात आंधळा म्हातारा एकटाच आहे. म्हातारा त्याच्याशी माणसासारखा बोलतो, कारण त्याला तोंड दिसत नाही. तेवढ्यात डोळस माणसं येतात, आणि पोरगा काठीनं झोडपायला लागतो.

मी पुस्तक मिटून ठेवलं होतं इथं. दोन दिवस उघडलं नाही.

पुढं तो खून करतो. लहान पोराचा गळा दाबतो. ते मी झाकत नाही, आणि लेखिकाही झाकत नाही. तिची ताकद तिथंच आहे.

दुसरं टोक म्हणजे अमेरिकेचा लव्हक्राफ्ट, १९३७ साली वारला. भीती उभी करण्यात बापमाणूस, आणि पक्का वर्णद्वेष्टा. त्याची 'रेड हुक'ची गोष्ट १९२७ ला छापली गेली. तिच्यात ब्रुकलिनच्या गरीब वस्तीतली परदेशी माणसं म्हणजेच भयानक काहीतरी. मग फेकून द्यायचा का त्याला? व्हिक्टर लव्हालनं, काळ्या लेखकानं, फेकला नाही. २०१६ साली त्यानं तीच गोष्ट हार्लेमच्या एका काळ्या पोराच्या बाजूनं पुन्हा लिहिली. त्यात पोराच्या बापाला एक गोरा गोळ्या घालतो, आणि म्हणतो, त्याच्या हातातली गिटार मला बंदूक वाटली. समुद्रातला देव त्यापुढं काय भीती दाखवणार, सांगा.

दुपारच्या त्या पोराचा मुद्दा अंधश्रद्धेचा होता. मुद्दा खोटा नाही. बाईला चेटकीण ठरवून मारतात, ती गोष्ट नसते, बातमी असते. २०१३ साली डॉक्टर दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. पण भगत म्हणतो, भूत आहे, पैसे काढ. लेखक म्हणतो, समज भूत आहे, मग तू काय करशील? हा फरक ज्याला कळतो, त्याला भगत लुबाडू शकत नाही. आणि बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या त्या न झालेल्या भाषणात जातीला काय म्हटलं? वाट अडवून उभा राहणारा राक्षस. हा शब्द त्यांनी उगाच वापरला नसणार.

तर माझ्या पिशवीत 'फ्रँकेन्स्टाईन'ची एकच प्रत आहे. ज्याला हवी त्यानं न्यावी, महिन्यानं दुसऱ्याला द्यावी, पानं दुमडू नयेत. आणि सुट्टीत गावी गेलात की आजीला विचारा, रात्री तुला नेमकं कशाचं भ्या वाटायचं? ती सांगेल ते तिच्याच बोलीत उतरवून आणा. पुढच्या बैठकीत तेच वाचू.