तारुण्यपीटिका आणि मलमांचा विवेक



भालकी, औराद, बसवकल्याण वा आळंद तालुक्यातील घरांत सोयरिकीची बोलणी सुरू झाली, की मुलीच्या चेहऱ्यावरील पुटकुळ्यांची चिंता घरभर पसरते. मग चुना, लिंबाचा रस, टूथपेस्ट असे उपाय होतात. त्यांनी त्वचा भाजते आणि काळे डाग मागे राहतात.

पुटकुळी हा अस्वच्छतेचा दोष नव्हे. वयात येताना तैलग्रंथींचा स्राव वाढतो, रोमरंध्रे बुजतात, आत सूक्ष्मजंतू वाढतात आणि दाह होऊन लाल, पूयुक्त फोड उठतात. ते नखाने फोडल्यास व्रण कायमचे राहण्याचा संभव असतो.

दाह सौम्य वा मध्यम असल्यास बाहेरून लावण्याची औषधे बहुधा पुरेशी ठरतात. बेन्झॉइल पेरॉक्साइड जंतूंचा नाश करते. त्याचे २.५ टक्क्यांचे औषध १० टक्क्यांच्या औषधाइतकेच गुणकारी असून त्वचेला कमी झोंबते. अभ्र्याचा रंग मात्र त्याने उडतो. अ‍ॅडापॅलीन रंध्रे मोकळी करते. ते रात्री, वाटाण्याएवढे घेऊन, पुटकुळ्या येणाऱ्या सर्व भागावर पातळ लावावे. गर्भवतींनी ते वापरू नये. क्लिंडामायसिन हे प्रतिजैविक एकटेच वापरल्यास जंतू त्यास दाद देईनासे होतात. म्हणून त्यास बेन्झॉइल पेरॉक्साइडची जोड देतात.

गुण दिसण्यास ६ ते ८ आठवडे लागतात. आरंभी त्वचा कोरडी पडते. याच काळात धीर सुटतो आणि दुकानातून ‘गोरे करणारे’ मिश्र मलम घरी येते. त्यातील स्टिरॉइड काही दिवसांत लाली उतरवते; पुढे त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि मलम थांबविताच पुटकुळ्या दुप्पट जोराने उसळतात. २०१८ साली केंद्र सरकारने अशा अनेक मलमांची विक्री डॉक्टरांच्या चिठ्ठीखेरीज करू नये, असा नियम केला. वेष्टनावर क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन हे नाव दिसल्यास ते मलम मुरुमांसाठी लावू नये. दीर्घकाळ लावले असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सोडावे.

बीदर व कलबुर्गी येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. घरी मराठी आणि दवाखान्यात कन्नड, म्हणून संकोच नको. वापरलेली नळी सोबत न्यावी. तिच्यावरील नाव डॉक्टरांस पुष्कळ सांगून जाते. सोयरिकीची घाई चार दिवसांची. चेहरा जन्माचा असतो.